गुरुत्वीय लहरींच्या प्राचल-अंदाजासाठी ग्राफिक्स प्रोसेसर : प्रकल्प नोंदी (जुलै ते सप्टेंबर २०२४)

२ जुलै २०२४

दोन कृष्णविवरे किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होताना निघालेली गुरुत्वीय लहर डिटेक्टरमध्ये नोंदली गेली, की तिच्यावरून त्या जोडीची वस्तुमाने, स्पिन (स्वतःभोवतीचे फिरणे), अंतर आणि आकाशातील स्थान ठरवावे लागते. या कामाला लागणारा वेळ आमच्याकडील एका ग्राफिक्स कार्डावर किती कमी करता येतो, हे पाहणे हा या प्रकल्पाचा हेतू आहे. जॅक्स या पायथनमधल्या गणनग्रंथालयावर आधारलेली रिपल आणि जिम यांसारखी तयार साधने आज उपलब्ध आहेत, पण पहिली आवृत्ती मी स्वतः लिहावी असा माझ्या मार्गदर्शक मॅडमचा आग्रह आहे. वेळ नेमका कुठे जातो हे दुसऱ्याच्या कोडमध्ये कळत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. (या नोंदींत मी 'प्राचल' हा परिभाषाकोशातला शब्द वापरणार आहे. प्रयोगशाळेत सगळे 'पॅरामीटर'च म्हणतात.)

गणिताची रूपरेषा अशी आहे. प्राचलांचा एक संच धरायचा, त्या संचासाठी लहर कशी दिसेल याचे तरंगरूप प्रत्येक वारंवारतेला काढायचे, ते डिटेक्टरच्या विदेतून (नोंदलेल्या डेटातून) वजा करायचे, उरलेल्या भागाला त्या त्या वारंवारतेच्या नॉइजच्या शक्तिवर्णपटाने (त्या वारंवारतेला नॉइज किती जोरदार आहे याच्या मापाने) भागायचे आणि सगळ्या वर्गांची बेरीज करायची. त्या बेरजेतून लाइकलिहूड मिळते, म्हणजे हा संच खरा असता तर हीच विदा मिळण्याची शक्यता किती होती, याचे माप मिळते. मग सॅम्पलर नावाचा भाग त्या मापाच्या आधारे पुढचा संच सुचवतो आणि हे चक्र लाखो वेळा फिरते. स्पिन कक्षेच्या अक्षाला समांतर धरले तर प्राचले अकरा होतात, ते कोणत्याही दिशेने वळलेले असू शकतात असे मानले तर पंधरा होतात आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या भरती-विरूपणाची आणखी दोन त्यांत मिळवावी लागतात. सुरुवात अकरापासून, आयएमआरफेनॉमडी या तरंगरूपाने करायची, असे ठरले.

चाचणीसाठी दोन घटना निवडल्या आहेत. पहिली १४ सप्टेंबर २०१५ ची, म्हणजे थेट नोंदलेली पहिलीच गुरुत्वीय लहर. तिची दखल घेण्याजोगी लांबी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी आहे, त्यामुळे चार सेकंदांचा तुकडा पुरतो आणि २० ते १०२४ हर्ट्‌झच्या पट्ट्यात ४,०१६ वारंवारता-बिंदू येतात. दुसरी १७ ऑगस्ट २०१७ ची, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची. तिची लहर २४ हर्ट्‌झपासून मोजली तर सुमारे १०० सेकंद चालते, म्हणून १२८ सेकंदांचा तुकडा घ्यावा लागतो आणि २३ ते २०४८ हर्ट्‌झमध्ये २,५९,२०० बिंदू येतात. पहिलीच्या तुलनेत हे काम एका डिटेक्टरमागे चौसष्टपट मोठे आहे आणि दुसऱ्या घटनेत लायगोच्या दोन डिटेक्टरांबरोबर इटलीतला व्हर्गो धरून डिटेक्टरही तीन आहेत. दोन्ही घटनांची विदा सर्वांसाठी खुली आहे. ती आज उतरवून घेतली.

५ जुलै २०२४

तुलनेसाठी आधाररेषा हवी म्हणून बिल्बी (प्राचल-अंदाजाचे पॅकेज) आणि डायनेस्टी (सॅम्पलर) या प्रचलित जोडीवर २०१५ ची घटना साध्या प्रोसेसरच्या सोळा कोअरवर चालवली. काल संध्याकाळी लावलेले काम आज सकाळी संपलेले होते. लाइकलिहूड काही दशलक्ष वेळा काढले गेले आणि एकूण वेळेचा ढोबळ मानाने नऊ-दशांश भाग तरंगरूप व त्यापुढची बेरीज यांत गेला, उरलेला एक-दशांश सॅम्पलरच्या स्वतःच्या हिशेबात गेला.

हा एक-दशांश आजच लिहून ठेवते, कारण पुढे तोच आडवा येणार आहे. तरंगरूप काढायला शून्य वेळ लागला असे मानले तरी सॅम्पलर आहे तसाच राहिला तर एकूण वेग दहापटीपलीकडे जाऊ शकत नाही. याला संगणकशास्त्रात अ‍ॅमडालचा नियम म्हणतात. आपल्याकडे बारा कोसांच्या वाटेत नदीवर नाव एकच असली की घोडा कितीही धावता असून उपयोग नसतो, तसे हे आहे.

११ जुलै २०२४

पहिला प्रयत्न फसला. साध्या प्रोसेसरवर चालणाऱ्या नमपाय या गणिती ग्रंथालयाच्या जागी त्याचे ग्राफिक्स कार्डासाठीचे रूप, कूपाय, ठेवून, म्हणजे तीच सूत्रे तशीच ग्राफिक्स कार्डावर चालवून पाहिली, तर एक लाइकलिहूड काढायला साध्या प्रोसेसरपेक्षा जास्त वेळ लागला. मला निदान थोडा तरी फायदा अपेक्षित होता.

कारणे शोधताना दोन गोष्टी पुढे आल्या. आमच्या कार्डात, आरटीएक्स ३०९० मध्ये, १०,४९६ कोअर आहेत आणि आमच्या तुकड्यात बिंदू आहेत ४,०१६. म्हणजे प्रत्येक कोअरला एक बिंदू वाटला तरी निम्म्याहून जास्त कोअर रिकामे बसतात. दुसरे असे की कूपायमध्ये प्रत्येक बेरीज, गुणाकार किंवा घातांक हे कार्डाला दिलेले वेगळे काम असते. असे प्रत्येक काम सुरू करून देण्यालाच काही मायक्रोसेकंद लागतात आणि आयएमआरफेनॉमडीच्या सूत्रात अशी छोटी कामे शेकड्यांनी आहेत. प्रत्यक्ष आकडेमोड क्षणात होते, पण कामे सोपवण्यातच वेळ सरतो. त्यात भर म्हणून दर वेळी निघालेला एकच आकडा सॅम्पलरला देण्यासाठी मुख्य मेमरीत परत आणावा लागतो आणि तोवर कार्ड थांबून राहते.

१२ जुलै २०२४

कूपायची वाट सोडली. जॅक्स वापरायचे ठरले, कारण त्यातला संकलक (कंपायलर) अनेक छोट्या क्रिया जोडून एकच मोठे काम तयार करतो आणि एका संचासाठी लिहिलेले फलन हजार संचांसाठी आपोआप पसरवून देतो.

१९ जुलै २०२४

तरंगरूप जॅक्समध्ये नव्याने लिहून झाले. एका वेळी एक हजार संच दिले तर पूर्वी एका संचाला जितका वेळ लागत होता जवळपास तितक्याच वेळेत सगळ्या हजारांची लाइकलिहूड मूल्ये मिळाली. चाळीस लाख बिंदू एकदम मिळाल्यावर कार्डाला पुरेसे काम मिळते, हे यावरून दिसले. एकच संच दिला तर मात्र ते अजूनही साध्या प्रोसेसरशी बरोबरी करत नाही. यापुढे जे काही लिहायचे ते हजारोंच्या गठ्ठ्यात विचार करून लिहायचे, एवढे यातून पक्के झाले.

लिहिताना एका ठिकाणी बराच वेळ गेला. या तरंगरूपाचे तीन भाग आहेत : घिरट्या घालत जवळ येण्याचा, मधला, आणि विलीनीकरणानंतर निनाद विरत जाण्याचा. कोणता बिंदू कोणत्या भागात पडतो हे वस्तुमानावर अवलंबून असते. साध्या प्रोसेसरवर अट घालून एकच भाग काढता येतो. ग्राफिक्स कार्डावर बत्तीस-बत्तीस धाग्यांचा जथा एकाच सूचनेवर चालतो, त्यामुळे जथ्यातल्या काहींनी एक फाटा आणि काहींनी दुसरा घेतला तर दोन्ही फाटे एकामागून एक चालवावे लागतात. म्हणून तिन्ही भाग सर्व बिंदूंसाठी काढायचे आणि नंतर हवा तो निवडायचा, असे केले. यात फुकट जाणारी आकडेमोड जास्त आहे, पण ती परवडते. न परवडणारी गोष्ट वेगळीच निघाली. न निवडलेल्या भागात कुठे ऋण संख्येचे वर्गमूळ निघाले तर उत्तर बरोबर येते, पण त्याचे विकलन मात्र 'संख्या नाही' असे येते आणि ते पुढे सगळीकडे पसरते. म्हणून निवड करण्याआधीच त्या त्या भागाला चालणारी वारंवारता देण्याची काळजी घ्यावी लागली.

२४ जुलै २०२४

गेले चार दिवस एका विचित्र निकालामागे गेले. २०१५ च्या घटनेवर गठ्ठ्याने चालणारी एक कच्ची साखळी लावली असता अंतर प्रायरच्या (विदा पाहण्याआधी धरलेल्या वितरणाच्या) दूरच्या टोकाला जाऊन चिकटले, वस्तुमाने सगळीकडे पसरलेली राहिली, आणि विलीनीकरणाच्या वेळेचे उत्तर म्हणजे एकच रेघ आली. हजारो नमुन्यांत वेळेचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत तोच. विदेत लहरच नाही, असे जणू कोडचे म्हणणे होते. मी आधी शक्तिवर्णपट तपासला, मग खिडकी-फलन तपासले, मग अ‍ॅन्टेना-सूत्रांतील चिन्हे तपासली. ते सर्व बरोबर होते.

चूक वेळेच्या आकड्यातच होती. आपण वेळ जीपीएस सेकंदांत लिहितो आणि या घटनेची वेळ सुमारे ११२६२५९४६२.४ आहे. जॅक्स मुद्दाम सांगितल्याशिवाय एकेरी अचूकतेत, म्हणजे बत्तीस बिटांत, काम करते. बत्तीस बिटांच्या संख्येत चोवीस बिट सार्थ अंकांना मिळतात, त्यामुळे एक अब्जाच्या पुढच्या या पट्ट्यात दोन लगतच्या संख्यांमधले अंतर १२८ असते. म्हणजे संगणकाच्या लेखी ११२६२५९४५६ नंतरची संख्या थेट ११२६२५९५८४ ही आहे. प्रायरमधली दोन-दशांश सेकंदांची सगळी रुंदी त्या पहिल्या आकड्यात कोसळली. तुकड्याच्या आरंभाची वेळही त्याच आकड्यात कोसळली. आणि दोहोंची वजाबाकी शून्य आल्याने आमचे तरंगरूप दर वेळी तुकड्याच्या पहिल्या क्षणाला ठेवले जात होते, तर खरी लहर त्यानंतर दोन सेकंदांनी होती. लायगोच्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड या दोन डिटेक्टरांमधला ६.९ मिलिसेकंदांचा जो उशीर आकाशातली दिशा सांगतो, तो या संख्येत मिळवला काय किंवा न मिळवला काय, सारखेच होते. २०१७ च्या घटनेची वेळ याच रीतीने ११८७००८८८२.४ ऐवजी ११८७००८८९६ झाली असती, म्हणजे साडेतेरा सेकंद पुढे गेली असती.

दुरुस्ती दोन ओळींची आहे. वेळ घटनेच्या अंदाजित क्षणापासून मोजायची, म्हणजे ती शून्याच्या आसपास राहते आणि मोठ्या संख्येशी संबंधच येत नाही. पृथ्वीच्या फिरण्यासाठी लागणारी नाक्षत्र वेळ मात्र खऱ्या जीपीएस आकड्यावरून, साध्या प्रोसेसरवर, दुहेरी अचूकतेत एकदाच काढून ठेवायची. पृथ्वी सेकंदाला १५ विकला फिरते, तेव्हा प्रायरच्या दशांश सेकंदात दिशा दीड विकलेने चुकेल, आणि आपले आकाश-क्षेत्र चौरस अंशांत मोजायचे असते. दुरुस्तीनंतर पहिल्याच फेरीत वस्तुमाने जागेवर आली. चार दिवसांचे दुःख आहेच, पण चूक ओरडून समोर आली हे बरे झाले. गप्प राहणाऱ्या चुकीची धास्ती जास्त वाटते.

१ ऑगस्ट २०२४

त्या प्रकारानंतर सगळीकडे दुहेरी अचूकता लावून टाकावी, असे वाटले. त्याची किंमत मोजून पाहिली. आमचे कार्ड मुळात खेळांच्या चित्रांसाठी घडवलेले आहे आणि त्यात दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या चौसष्टाव्या भागाएवढा ठेवलेला आहे. ए१०० सारख्या गणनकार्डात हे प्रमाण निम्मे असते. म्हणजे तिथे जी सवय फारशी महाग पडत नाही, ती इथे चैन ठरते.

म्हणून कोणत्या पायरीला किती अंक लागतात याचा कागदावर हिशेब केला. २०१७ च्या घटनेत वेळ तुकड्याच्या आरंभापासून मोजली तर २०४८ हर्ट्‌झला १२६ सेकंदांची कला (फेज) सोळा लाख रेडियनपर्यंत जाते आणि तिथे एकेरी अचूकतेतली लगतच्या संख्यांची फट ०.१२५ रेडियन असते, म्हणजे जवळपास सात अंश. हे चालणार नाही. तीच वेळ घटनेच्या क्षणापासून मोजली तर कला १,३०० रेडियनच्या आत राहते आणि फट एक-दशसहस्रांशाच्या आसपास येते. तरंगरूपाची स्वतःची कला २३ हर्ट्‌झला मुख्य पदात सुमारे ९,७०० रेडियन आहे. तिथली फट एक-सहस्रांश आहे, पण अनेक पदांच्या बेरजा-वजाबाक्यांत ती वाढत जाते. सर्वांत फसवी जागा शेवटच्या बेरजेत आहे : 'विदा वजा तरंगरूप' याचा वर्ग घेतला तर तीन डिटेक्टर मिळून लाइकलिहूडच्या लॉगरिदममध्ये पावणेआठ लाखांच्या आसपासचा नॉइजचा आकडा येतो आणि त्यात एकेरी अचूकतेची फट ०.०६ होते. तो आकडा प्राचलांवर अवलंबून नसतो, म्हणून वर्ग फोडून तो आधीच बाजूला काढला आणि विदा-तरंगरूप गुणाकार व तरंगरूपाचा स्वतःशी गुणाकार एवढेच ठेवले.

तूर्त कला दुहेरीत आणि बाकीचे एकेरीत, असा तोडगा आहे.

या विदा-तरंगरूप गुणाकाराचे नाते पुण्याशी आहे, हे लिहिण्याचा मोह आवरत नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी १९९१ मध्ये जोडताऱ्यांच्या लहरी शोधण्यासाठी गाळण्या कशा निवडाव्यात यावर लेख लिहिला, त्याच्या मुळाशी हाच गुणाकार आहे. त्यांना तो एका मोजक्या साच्यांच्या (आधी काढून ठेवलेल्या तरंगरूपांच्या) पेढीसाठी करायचा होता, आम्ही तो अखंड पसरलेल्या प्राचल-अवकाशात करतो आहोत.

८ ऑगस्ट २०२४

आता तो एक-दशांश. डायनेस्टीची पद्धत अशी आहे की हजारभर जिवंत बिंदूंपैकी सर्वांत वाईट एक काढायचा आणि त्याच्यापेक्षा चांगला एक शोधून त्याच्या जागी ठेवायचा. ही रांग आहे, आणि रांगेत ग्राफिक्स कार्डाला करण्यासारखे काही नसते. एका वेळी अनेक बिंदू काढून बदलण्याचे प्रकारही आहेत, पण मी अधिक साधी वाट घेतली : ४,०९६ कण प्रायरमधून उचलायचे, लाइकलिहूडचा घातांक शून्यापासून एकापर्यंत हळूहळू चढवत न्यायचा, प्रत्येक टप्प्यावर निकामी ठरलेल्या कणांच्या जागी चांगल्या कणांच्या प्रती ठेवायच्या आणि मग सर्व कणांना यादृच्छिक पावलांनी थोडे फिरू द्यायचे. पुढचा टप्पा केवढा घ्यायचा हे कणांची परिणामी (खऱ्या अर्थाने उपयोगी) संख्या निम्म्यावर येते कधी, यावरून कोड स्वतः ठरवते. अशा साधारण तीस टप्प्यांत काम पुरे होते आणि एकही क्षण असा येत नाही, की कार्डावर चार हजारांहून कमी तरंगरूपे आहेत.

पावले टाकण्यासाठी आधी स्लाइस पद्धत वापरली होती, कारण तिच्यात नकार नसतो. पण तिच्यात प्रत्येक कणाला किती वेळा चाचपडावे लागेल हे आधी ठरलेले नसते, आणि गठ्ठ्यात सर्वांत हट्टी कण थांबेपर्यंत बाकीचे चार हजार पंच्याण्णव ताटकळतात. वारीत दिंडी शेवटच्या वारकऱ्याच्या चालीने चालते ते शोभून दिसते, इथे नाही. ठरावीक संख्येची साधी पावले, त्यांतली निम्म्याहून जास्त नाकारली गेली तरी, एकूण हिशेबात लवकर पोहोचवतात.

१६ ऑगस्ट २०२४

२०१५ ची घटना आरंभापासून शेवटपर्यंत पूर्णपणे कार्डावर चालली. रात्रभराचे काम काही मिनिटांत झाले. वस्तुमाने सूर्याच्या छत्तीसपट आणि एकोणतीसपटीच्या आसपास, अंतर चारशे मेगापार्सेकच्या आसपास, आणि आकाशात दोनच डिटेक्टर असताना दिसते तशी कमान. आधाररेषेच्या आलेखांवर नवे आलेख ठेवले तर रेषा एकमेकींत मिसळतात. मॅडम म्हणाल्या, "छान. आता हे बरोबर आहे हे सिद्ध कर." आलेख जुळतात म्हणजे बरोबर आहे असे नव्हे, एवढेच त्यांना सुचवायचे होते. त्या कामाला सप्टेंबर ठेवला आहे.

२० ऑगस्ट २०२४

२०१७ च्या घटनेकडे वळले आणि कार्ड पहिल्याच आज्ञेला मेमरी संपल्याचे सांगून थांबले. हिशेब करायला हवा होता. एक तरंगरूप २,५९,२०० संमिश्र संख्यांचे, दुहेरी अचूकतेत ४.१५ मेगाबाइटचे; चार हजार शहाण्णवांचा गठ्ठा १७ गिगाबाइटचा. कार्डात २४ आहेत, आणि मधल्या टप्प्यांच्या एखाद्या प्रतीलाही मग जागा उरत नाही. २५६-२५६ चे तुकडे केले तेव्हा चालले. पण काम एका डिटेक्टरमागे चौसष्टपट असल्याने मिनिटांचे तास झाले, आणि आम्ही फिरून रात्रभराच्या हिशेबात आलो.

या घटनेत वेळेला काय किंमत होती हे विसरता येत नाही. त्या दिवशी १२:४१ यूटीसीला लहर आली, पावणेदोन सेकंदांत गॅमा-किरणांचा झोत आला, पण तीन डिटेक्टरांवरून काढलेला ३१ चौरस अंशांचा आकाश-नकाशा दुर्बिणींपर्यंत पोहोचायला सुमारे पाच तास गेले आणि एनजीसी ४९९३ या दीर्घिकेतला प्रकाश सापडायला अकराच्या आसपास. आज दिशेचा पहिला अंदाज बेस्टारसारखी कोडे मिनिटभरात देतात. प्राचलांचे पूर्ण उत्तर मात्र अजून मागे रेंगाळते.

२७ ऑगस्ट २०२४

तुकड्यांनी चालवलेल्या चाचणीत उत्तम जुळणाऱ्या कणांचे लाइकलिहूड 'अनंत' येऊ लागले. वाईट कण ठीक होते, फक्त चांगलेच बिघडत होते. याचे मूळ कलेवरच्या एकत्रीकरणात सापडले. कक्षेची आरंभ-कला आपल्याला नको असल्याने ती गणितानेच बाजूला काढतो आणि तिच्या जागी बेसेल फलनाचा लॉगरिदम येतो. मी आधी बेसेल फलन काढून मग त्याचा लॉगरिदम घेत होते. हे फलन घातांकी वाढते आणि त्यातली संख्या सातशेच्या थोडी पुढे गेली की दुहेरी अचूकतेतही मावत नाही. ती संख्या शिखराजवळ सिग्नल-नॉइज गुणोत्तराच्या वर्गाएवढी असते. २०१५ च्या घटनेत गुणोत्तर २४ होते, वर्ग ५७६. म्हणून सहा आठवडे सगळे सुरळीत दिसले. २०१७ मध्ये ते ३२.४ आहे, वर्ग १,०५०. घातांक आधीच बाजूला काढलेले बेसेल फलन वापरून लॉगरिदममध्ये तो नंतर मिळवला की प्रश्न मिटतो.

हीच ती गप्प चूक, जिची मला भीती होती. सुदैवाने हिला शेवटी वाचा फुटली.

३ सप्टेंबर २०२४

तासांचे पुन्हा मिनिटे करण्याची किल्ली ग्राफिक्स कार्डात नसून गणितात आहे. तिला सापेक्ष कप्पे म्हणतात. नील कॉर्निश यांनी २०१० मध्ये यामागची कल्पना मांडली होती आणि झाकाय, दाई व वेणुमाधव यांनी २०१८ मध्ये तिला आजचे रूप दिले. ज्या प्राचलांना विदेशी जुळण्याची काहीही आशा आहे त्या सर्वांची तरंगरूपे एकमेकांसारखीच असतात. स्वतंत्रपणे ती हजारो वेळा वरखाली होतात, पण एका संदर्भ-तरंगरूपाने त्यांना भागले तर गुणोत्तर संथपणे बदलते. मग वारंवारतेचा पट्टा काहीशे कप्प्यांत वाटायचा, प्रत्येक कप्प्यात गुणोत्तर सरळ रेषेत बदलते असे मानायचे, आणि विदेची सगळी बेरीज कप्प्यानुसार एकदाच करून ठेवायची. आमच्या मांडणीत चारशे कप्पे झाले, म्हणजे बिंदू साडेसहाशेपटींनी घटले. आता कला निर्धास्तपणे दुहेरी अचूकतेत ठेवता येते आणि मेमरीचा प्रश्नच उरत नाही. उलट चारशे बिंदूंच्या एकेका तरंगरूपाने कार्ड पूर्वीपेक्षाही रिकामे राहते, त्यामुळे कणांची संख्या वाढवायला मोकळीक मिळाली. गणिती युक्ती आणि कार्ड यांतले एकच निवडायचे असते तर मी युक्ती निवडली असती.

पण ही आसन्न (जवळपासची, अंदाजी) किंमत आहे आणि ती किती आसन्न आहे हे मोजले पाहिजे. त्यासाठी शेवटी उरलेल्या नमुन्यांसाठी पूर्ण २,५९,२०० बिंदूंचे लाइकलिहूड काढले. हे नमुने थोडेच असल्याने ते परवडते. खऱ्या व आसन्न मूल्यांच्या गुणोत्तराने प्रत्येक नमुन्याला वजन दिले. पहिल्या फेरीत संदर्भ-तरंगरूप शोध-पेढीतल्या साच्यावरून घेतले होते. वजने इतकी विषम आली की परिणामी नमुने निम्म्यावर आले. दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीतला सर्वोत्तम कण संदर्भ म्हणून घेतला आणि वजने जवळपास सारखी झाली. ही दुसरी फेरी आता नेहमीच करायची.

डिटेक्टरच्या चौकटीतले चर्प वस्तुमान (दोन्ही वस्तुमानांचा जो मेळ लहरीची वारंवारता किती वेगाने चढते ते ठरवतो) १.१९७ आणि १.१९८ सूर्यवस्तुमानांच्या दरम्यान, चौथ्या दशांश स्थळापर्यंत नेमके आले. एवढा बारकावा कुठून येतो असे मला पूर्वी वाटत असे. २३ हर्ट्‌झपासून विलीनीकरणापर्यंत ही लहर सुमारे चार हजार आवर्तने घेते. त्यांतले एक जरी चुकले तरी जुळणी तुटते. लिव्हिंग्स्टनच्या विदेत विलीनीकरणाच्या सेकंदभर आधी एक मोठा खरखराट आहे, म्हणून तो काढून टाकलेली अधिकृत विदा वापरली आहे, याची नोंद इथे करून ठेवते.

१२ सप्टेंबर २०२४

गणपतीच्या सुट्ट्यांत कार्डाला शंभर कृत्रिम घटनांचे काम लावून गेले होते. प्रायरमधून शंभर प्राचल-संच उचलायचे, त्यांच्या लहरी कृत्रिम नॉइजमध्ये मिसळायच्या, प्रत्येकीचे उत्तर काढायचे आणि खरे मूल्य उत्तराच्या कितव्या शतमकात (पर्सेंटाइलमध्ये) पडले ते पाहायचे. कोड बरोबर असेल तर नव्वद टक्क्यांच्या पट्ट्यात शंभरांपैकी नव्वदच्या आसपास, तीन इकडे-तिकडे, घटना पडल्या पाहिजेत. जुन्या वेगाने ही चाचणी म्हणजे शंभर रात्री झाल्या असत्या. वेगाचा पहिला खरा उपयोग मला इथे झाला.

अपेक्षित आणि प्रत्यक्ष टक्केवारीच्या आलेखात प्रत्येक प्राचलाची रेषा कर्णावर पडायला हवी; वस्तुमान-गुणोत्तराची रेषा मात्र कर्णापासून स्पष्टपणे खाली झुकलेली दिसली. अकरा प्राचलांपैकी एखादे योगायोगाने पाच टक्क्यांच्या मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता त्रेचाळीस टक्के असते, म्हणून आधी दुर्लक्ष करावे असे वाटले. पण झुकाव इतका होता की योगायोग म्हणता येईना. कृत्रिम घटना मी दोन वस्तुमानांच्या समान वितरणातून उचलल्या होत्या, तर सॅम्पलर चर्प वस्तुमान आणि गुणोत्तर यांच्यात समान वितरण धरून चालत होता. एका जोडीतून दुसरीत जाताना जड वस्तुमानाचा वर्ग भागिले चर्प वस्तुमान एवढा गुणक लागतो. तो मी लिहिलाच नव्हता. खऱ्या घटनांवर ही चूक दिसलीच नसती, कारण तिथे उत्तर ठाऊक नसते, आणि आधाररेषा काढतानाही मी हाच प्रायर दिला होता, म्हणून आलेख जुळले होते. १६ ऑगस्टचा मॅडमचा शेरा आज नीट कळला. गुणक घालून शंभर घटना पुन्हा लावल्या आहेत.

१४ सप्टेंबर २०२४

सर्व अकरा रेषा पट्ट्यात आहेत. नव्वद टक्क्यांच्या पट्ट्यातील संख्या कोणत्याही प्राचलासाठी अपेक्षेपासून लक्षात येण्याइतकी दूर नाही.

२० सप्टेंबर २०२४

वेळ कुठे जातो याचा आलेख पुन्हा काढला. २०१७ च्या घटनेत तरंगरूपे आणि बेरजा आता किरकोळ आहेत. सर्वांत मोठा वाटा जॅक्सच्या संकलकाचा आहे, जो प्रत्येक फेरीच्या आरंभी कोड कार्डासाठी नव्याने घडवतो. त्याखालोखाल विदा वाचणे आणि शक्तिवर्णपट काढणे. नाव रुंद केली तर आता धक्क्यावरच्या पायऱ्या अरुंद निघाल्या. संकलित कोड जपून ठेवण्याची सोय आहे, पण गठ्ठ्याचा आकार, कप्प्यांची संख्या किंवा डिटेक्टरांची संख्या यांतले काहीही बदलले की तो रद्द होतो. कप्प्यांची संख्या घटनेगणिक बदलते, म्हणून ती ठरावीक आकड्यापर्यंत रिकाम्या कप्प्यांनी भरून काढायची, म्हणजे संकलकाला दर वेळी तोच आकार दिसेल.

डिटेक्टरांच्या बाबतीतही तसेच करावे लागेल. तरंगरूप एकदाच निघते आणि प्रत्येक डिटेक्टरसाठी फक्त उशीर आणि अ‍ॅन्टेना-गुणक लावायचे असतात, त्यामुळे एक डिटेक्टर वाढल्याने वेळ फारसा वाढत नाही. सध्या कोडमध्ये 'तीन' हा आकडा चार ठिकाणी हाताने लिहिलेला आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभारण्यास एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आहे. त्या डिटेक्टरची विदा येईल तेव्हा कोणाला माझे कोड उघडावे लागले तर हे चार तीन त्याने शोधत बसू नये. म्हणून डिटेक्टरांची यादी बाहेरून घ्यायची, पाच जागा ठेवायच्या आणि रिकाम्या जागांना शून्य गुणक द्यायचा, असे ठरवले आहे. चारपैकी तीन ठिकाणचा बदल आज झाला. चौथे ठिकाण कप्प्यांच्या बेरजेच्या आत आहे आणि तिथे रिकाम्या डिटेक्टरचा शक्तिवर्णपट शून्य धरला तर शून्याने भागाकार होतो, म्हणून तिथे एक ठेवून सोमवारी शंभरांपैकी दहा घटना पुन्हा चालवून पाहायच्या आहेत.